घाटाखालचा बाजार

नांदूरघाटच्या बायडाबाईचा राग पंचक्रोशीला ठाऊक होता. नवरा पटकीनं गेला तेव्हा भाऊबंदांनी बैल वाटून घ्यायचं ठरवलं. ही विळा घेऊन गोठ्याच्या दारात बसली, आणि बैल तिच्याकडंच राहिले. वंजाऱ्याची लेक ती. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाट चढायचं माहेरापासूनच अंगवळणी पडलेलं. धाकटा दीर धुळाजी तेवढा तिच्या बाजूनं उभा राहिला आणि पुढं तिच्याबरोबर बैलांमागं चालत राहिला.

खाली काळ्या रानात ज्वारी पिकायची. वर धारूरकडं नुसता माळ आणि खडक. खाली घ्यायची, वर विकायची, एवढाच तिचा धंदा. वर टंचाई पडली की भाव चढायचा, मग खालचे लोक जमिनीत पुरलेल्या धान्याची पेवं उघडायचे, चार बैल जास्त घाट चढायचे आणि भाव पुन्हा उतरायचा.

जर्मनची लढाई चालली होती त्या साली पावसानं दगा दिला. निजाम सरकारची दवंडी फिरली. ज्वारीचा निरख, म्हणजे सरकारनं ठरवलेला भाव, यापुढं सगळीकडं एकच, आणि परवान्याशिवाय कुणी धान्य हलवायचं नाही. गरिबांना स्वस्त मिळावं म्हणून हा हुकूम आहे, असं दवंडीवाला गल्लोगल्ली सांगत होता. घाटाच्या पायथ्याला नाका बसला आणि रस्त्यावर बांबू आडवा पडला.

बाजारातली ज्वारी बघता बघता गडप झाली. ठरवून दिलेल्या भावात घाट चढून बैलाच्या पेंडीचासुद्धा खर्च निघेना. पेववाल्यांनी पेवांवरची माती हलवली नाही. परवाना मिळाला एकट्या सुंदररावाला. हा मोठा जमीनदार, कचेरीत त्याची ऊठबस. त्याच्या गाड्या नाक्यावरून बिनघोर वर जायच्या आणि धारूरात मागच्या दारानं मनाला येईल त्या भावात ज्वारी विकली जायची.

बायडाबाई केजला कचेरीत गेली. साहेब विडा चघळत होते.

"मला परवाना द्या," ती म्हणाली. "बैल दावणीला बांधून हायेत."

"परवाना देऊन झालाय, बाई. एका माणसाकडं असला की हिशेब सोपा राहतो."

"सोपा कुणाला?"

साहेबांनी मान वर केली. "सरकारला अक्कल शिकवायला आलीस?"

"अक्कल न्हाई शिकवत. वर भूक हाय, खाली जवारी हाय, आन् मधी तुमचा बांबू आडवा हाय. तेवढा काढा. सरकारनं बाकी काही न्हाई केलं तरी चालंल."

शिपायानं तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

काही दिवसांनी ती घाटाखालच्या नाक्यापाशी गेली. तिथं धारूरची केशरबाई बसलेली दिसली. वर गेल्यावर बायडाबाईच्या गोण्या हिच्याच अंगणात उतरायच्या. आज हिचं तोंड पार ओढलेलं होतं.

"कशापायी बसलीस इथं?"

"घरात बसवत न्हाई," केशरबाई म्हणाली. "सून बाळंत झाली. रानातला तरोट्याचा पाला खाऊन दूध कुठलं यायचं? लेकरू गेलं."

बायडाबाईनं तडक नाकेदार बबनरावाला गाठलं.

"डोक्यावर पाटी घिऊन कुणी वर गेलं तर आडवता का?"

"घरखर्चापुरतं असलं तर न्हाई," बबनराव म्हणाला. "बंदी बैलाला आन् गाडीला हाय."

त्याच संध्याकाळी ती नांदूरघाटच्या पेववाल्यांच्या दारोदार फिरली. "निरख चुलीत घाला. तुमाला परवडंल त्या भावात द्या, मी घेते." हुकमावर तेही जळत होतेच. पेवं उघडली. कुणी विचारू नये म्हणून गोण्या गाडीवाटेनं न नेता रानातून नेल्या, आणि सकाळी नाक्याच्या अलीकडं, बाभळींखाली, बायडाबाईनं बाजार मांडला.

घाटावरून बाया उतरल्या, म्हातारे उतरले. भाव निरखापेक्षा चढा होता, पण सुंदररावाच्या मागच्या दारापेक्षा कितीतरी उतरता. लोक घासाघीस करत, दाणे दाताखाली फोडून बघत आणि पाटी डोक्यावर घेऊन बांबूखालून वाकून वर जात. बबनराव खाटेवर तोंड फिरवून बसला. ते बघून आणखी पेववाले आले, आणि त्यांनी बायडाबाईच्याच शेजारी तिच्यापेक्षा कमी भाव लावला. धुळाजी चिडला. ती म्हणाली, "लावू दे. बाजार हाय ह्यो."

सुंदररावाच्या गाड्या वर उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक येईना. मग मात्र कचेरीला जाग आली. घोड्यावरून जमादार आला, गोण्या जप्त झाल्या, बैल सोडून नेले. निरख मोडल्याबद्दल बायडाबाईला कोठडीत टाकलं. पेववाले पांगले. तिच्या बाजूनं साक्ष द्यायला त्यांतलं कुणी आलं नाही.

साहेबांनी तिला पुढं बोलावलं. "माफीनाम्यावर अंगठा दे. बैल परत नेशील."

"कशाची माफी?"

"गरिबांना चढ्या भावानं धान्य विकलंस."

"तुमच्या स्वस्त भावाचा एक दाणा दाखवा मला," ती म्हणाली. "केशरबाईच्या सुनंला दाखवा. मग दोन्ही अंगठं देते."

धुळाजी दाराशी उभा राहून हात जोडत होता. "वहिनी, बैल जातील. द्या अंगठा." तिनं मुठी आवळून पदराखाली घेतल्या.

बैलांची हर्राजी झाली. सुंदररावाच्या माणसानं बोली लावून ते घेतले.

पुढच्या साली पीक बरं आलं आणि बंदी उठली. दवंडीवाल्यानं सांगितलं की सरकारच्या मेहेरबानीनं टंचाई संपली. बायडाबाई तेव्हा कोठडीतून सुटून परक्या रानात कापूस वेचत होती. ती बांधावर आली आणि तिनं दवंडीवाल्याला एवढ्या शिव्या दिल्या की तो बिचारा डफ काखेत मारून निघून गेला. त्याचा दोष नाही, हे तिलाही कळत होतं. पण साहेबांची बदली झाली होती आणि शिव्या द्यायला दुसरं कुणी समोर नव्हतं.

धुळाजीनं दुसऱ्याच्या बैलांच्या तांड्यात चाकरी धरली. बायडाबाई मजुरीवर जगली. माफीनामा दिला असता तर बरं झालं असतं, असं कुणी म्हणालं की हातातलं काम टाकून ती त्याच्याशी भांडायची, अगदी म्हातारी झाल्यावरसुद्धा.