पाचटाखालची ऊब

ऊसतोड झाली की आमच्याकडे रानात उरलेलं पाचट पेटवून देतात. आजूबाजूची सगळी रानं काळी झाली आहेत आणि मधोमध आमचं एकच, वाळक्या पानांखाली झोपल्यासारखं पडलं आहे. सकाळी त्यावर दव असतं आणि कोळ्यांची इतकी जाळी, की पाय ठेवायला नको वाटतं.

शेजारचे तात्या बांधावरून ओरडले, "काय भाऊ, काडेपेटी देऊ का? का रानाला गोधडी शिवताय?"

बाबा हसले. रासायनिक खतं सोडून त्यांना तीन वर्षं झाली. तात्या लांब गेल्यावर ते हळूच म्हणाले, "यंदाही जमीन मेलेलीच निघाली, तर पुढच्या वर्षी मीही पेटवणार."

मी खाली बसले आणि पाचटात हात घातला. बाहेर बोटं गारठत होती, आत मात्र ऊब होती, नुकतंच कोणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी. वाटलं, जमिनीचंही माणसासारखंच असेल. एकदा दुखावली की कितीही चांगलं वागा, ती लगेच बोलत नाही. तिच्याशेजारी नुसतं बसून राहावं लागतं.

मग करंगळीवरून काहीतरी ओलं, मऊ सरकलं. शाळेत मी गांडुळाच्या आकृतीतल्या भागांना इंग्रजीत नावं दिली होती, पण हात कधी लावला नव्हता. मी हात काढला नाही. बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चपला काढून तेही शेजारी बसले.