न पुसलेला कप्पा

मार्गशीर्षातल्या एका दुपारी, इंदिरानगरच्या आमच्या घरात फिकट, कलतं ऊन टेबलावर उतरत असताना आणि स्वयंपाकघरातून कढत्या तुपाचा वास येत असताना, समोरच्या पडद्यावर आईचा निरोप उमटला: ‘चक्कर येते’. त्याला लागून एक मोडकं, न वाचता येणारं अक्षर होतं, आणि त्यापुढे स्वच्छ लिहिलेलं: ‘गोळी दिली आहे. धावत येऊ नकोस. मी आहे तिच्यापाशी.’ आई येवल्याच्या घरात एकटी राहते. ते शब्द बाबांचे होते, आणि बाबा पावसाळ्यातच गेले होते.

घशाच्या शस्त्रक्रियेत बाबांचा आवाज गेला तेव्हा मी, संगणकावर पोट भरणारी त्यांची लेक, ही सोय केली होती. येवल्याच्या घरी ते टॅबवर लिहीत. ते शब्द कुलूपबंद होऊन माझ्या टेबलावरच्या छोट्या यंत्रात येत, तिथल्या स्मृतीच्या एका कप्प्यात उलगडत आणि पडद्यावर दिसत. आयुष्यभर बडबड केलेल्या त्या माणसाची अट एकच होती, की माझं बोलणं साठवून ठेवायचं नाही, बोललं की विरून जाऊ दे. मी काहीच साठवलं नाही. मात्र दर निरोपाला नवा कप्पा घेण्यापेक्षा तोच पुन्हा वापरला, पातेलं न विसळता त्यात पुढचं दूध ओतावं तसा. जुना निरोप लांब असला की त्याचं शेपूट नव्याच्या मागे तसंच पडून राही; पण नवा निरोप कुठवर वाचायचा हे ठरलेलं असल्याने ते दिसत नसे. चक्करेच्या निरोपाच्या आदल्या दिवशी मी पडद्यावरची अक्षरं मोठी केली, आणि त्या बदलात ती मर्यादाच गळाली. बाबांचा शेवटचा निरोप आईच्या तापाचा होता. ते गेल्यावर त्याच टॅबवर आई लिहू लागली, ते रोज एवढंच: ‘जेवले. झोपते.’ त्याने बाबांची फक्त सुरुवात झाकली गेली होती.

हा उलगडा मला नंतर झाला. त्या क्षणी मात्र, खरं सांगते, भीतीच्याही आधी मला हायसं वाटलं. बाबा आहेत ना तिथे, असं म्हणून मी खुर्चीत मागे टेकलेसुद्धा. मग बाबा नाहीत हे आठवलं आणि मी आईला फोन लावला. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही, आणि मी तशीच बसमध्ये चढले. विंचूरला कांद्याचा उग्र वास खिडकीतून आत आला तेव्हा मला बाबा गेले त्या रात्री दिव्याजवळ पसरून झाकलेलं पीठ आठवलं. सकाळी त्यात गेलेल्याचं पाऊल उमटलंय का ते शोधायला बायका वाकल्या, तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहिले होते. मला असलं काही पटत नाही.

आई ओट्यावर बसली होती, शेजारणीने दिलेलं लिंबूपाणी हातात घेऊन.

“कशाला पळत आलीस? जरा गरगरलं नुसतं.”

मी तिला सारं समजावून सांगितलं. तिचा एखादा लांब निरोप आला की बाबा पुरते झाकले जातील, हेही सांगितलं. तिने पेला ओट्यावर ठेवला.

“म्हणजे ते हायेत अजून त्यात?”

“शब्द आहेत, आई.”

“मग राहू दे. बोलू दे त्यांला. लय दिवस गप होते.”

ती मर्यादा पुन्हा घालणं एका ओळीचं काम आहे. मी ती ओळ अजून घातलेली नाही. आणि आईचे निरोप मात्र दिवसेंदिवस आखडत चालले आहेत. आधी त्या दोन शब्दांत तिचं जेवण असे, झोप असे. आता एकच शब्द येतो, आणि गुडघा दुखतो की रात्र जागून काढली, काहीच कळत नाही. बाबांना जागा उरावी म्हणून ती आपलं दुखणं लिहीत नाही, हे मला उशिरा कळलं.

आज सकाळी नुसतं ‘बरी’ आलं. त्यामागे तिच्याच जुन्या निरोपांची थोडी मोडकी अक्षरं, आणि मग नेहमीसारखं: धावत येऊ नकोस, मी आहे तिच्यापाशी. बाबांचं ऐकायची सवय अजून मोडलेली नाही. तरी यंत्र तसंच चालू ठेवून मी येवल्याच्या गाडीसाठी घराबाहेर पडले आहे.