मुखरूचा ढीग

आरमोरीला जायचं तर सरळ माणूस शिदोरी बांधतो, बैल जुंपतो आणि निघतो. मुखरूच्या घरी मात्र एवढ्याशा प्रवासाची बोलणी पंधरवडाभर आधी सुरू व्हायची आणि दर वेळी एकाच ठिकाणी येऊन अडायची. रेंगीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, भाताचं तणस किती अंथरायचं हे ठरे. कोणता बैल कोणत्या बाजूला जुंपायचा, हेही ठरे. वाट कोणती, असं विचारलं की मुखरू उठून गोठ्यात जाई. मग गोठ्यात काम असो की नसो.

औंदा त्याची बायको शकुबाई त्याच्या मागोमाग गोठ्यात गेली.

“सडकेनं जायचं,” ती म्हणाली. “आताच सांगून ठेवते.”

“पाहू.”

“पाहाचं काई नाई. पोरीले सातवा लागला.”

पोरगी म्हणजे कमळा, त्यांची एकुलती एक. आरमोरीला दिलेली. गेल्या साली तिला दिवस गेले तेव्हा रीतीप्रमाणे बाळंतपणाला माहेरी आणायला मुखरू गेला होता, पण लांबच्या वाटेनं, नागभीड-ब्रह्मपुरीवरून. खाचखळग्यांतून हिसके खात, मुक्काम करत करत रेंगी आली, आणि घर दिसायच्या आत पोरीचं पोट पडलं. सुईण अन्नपूर्णाबाई तोंडाची फटकळ. “औंदा पोरीले हिसका बसला तं मले बलावू नोका,” असं तिनं सांगून टाकलं होतं. आणि जंगलातून सरकारनं मुरमाची नवी सडक काढलेली, सपाट, सरळ. पहाटे निघालं तर दिवस बुडायच्या आत पोचावं अशी. शहाण्याला वेगळं काय सांगायचं! पण मुखरू बैलाची पाठ खाजवत राहिला.

तो ती सडक का टाळतो, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. गावापासून दोन कोसांवर सडकेच्या कडेला दगडांचा ढीग होता. वाघानं जिथं माणूस नेला तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यानं एकेक दगड टाकायचा आणि मेलेल्याचं नाव घ्यायचं, ही इकडची रीत. न टाकेल त्याची सोबत मेलेला धरतो म्हणतात. असे ढीग या जंगलात पुष्कळ. पण या ढिगाचं नाव होतं मुखरूचा ढीग.

झालं होतं असं. मोठ्या लढाईच्याही आधीची गोष्ट, दोघांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सडक तेव्हा नव्हती, नुसती गाडवाट होती. मुखरू आरमोरीच्या बाजाराला पायी गेला आणि परतलाच नाही. गावातले लोक कुऱ्हाडी घेऊन, डफ वाजवत शोधायला निघाले. त्यांना वाटेत घोंगडी सापडली, रक्तानं भिजलेली, आणि तिच्याजवळ जे काही उरलं होतं ते. ओळखावं असं त्यात काही नव्हतं. घोंगडी मात्र सगळ्यांनी ओळखली. शकूच्या बापानं लग्नात जावयाला दिलेली, लाल काठाची. तिथंच माती दिली. पहिला दगड मुखरूच्या बापानं टाकला. घरी शकूच्या बांगड्या फुटल्या.

दहावा व्हायचा होता, तर मुखरू स्वतः दारात उभा. ताप येऊन हाडांचा सापळा झालेला. बायका किंचाळत पळाल्या. कोणी राख फेकली, कोणी त्याचे पाय उलटे आहेत का ते वाकून पाहिलं. शेवटी जाणत्यांनी तोड काढली. ज्याला माती दिली तो मेलाच, तेव्हा याला नव्यानं जन्माला घाला! मग मिशा फुटलेल्या मुखरूला सुपाशी बसवून बारसं केलं, नाव पुन्हा मुखरूच ठेवलं आणि शकूशी पुन्हा हळद लावली. एकाच नवऱ्याशी दोनदा लग्न लावलेली बाई म्हणून पाणवठ्यावर शकूची थट्टा व्हायची. तीही हसायची. पण रात्री त्याच्या शेजारी पाठ टेकताना तिच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं.

घोंगडीपाशी कोण होतं मग? मुखरू म्हणाला, मी तापात एका पाड्यावर पडून होतो, घोंगडी वाटेत राहिली, उचलली असेल कोण्या वाटसरूनं. लोकांनी माना हलवल्या. ढिगाचं नाव काही बदललं नाही. परगावच्या गाडीवानांना या भानगडी काय ठाऊक? ते दगड टाकत आणि म्हणत, “मुखरू, आमाले जाऊ दे बाबा.”

शकूला वाटे, परत आला तो मुखरू नव्हेच. आधीचा मुखरू बडबड्या होता, बैलांशीसुद्धा गप्पा मारी. हा दहा विचारलं तर एक बोले. झोपेत उठून बसे आणि मानेवरून हात फिरवत राही. चालताना सारखा मागं वळून पाही, आणि मागं तर कोणीच नसे. उन्हाळ्यात सोमारी आली की तो उठून परसात नाहीसा होई, हे तर शकूच्या मनात पक्कं रुतलं होतं. सोमारी म्हणजे त्या ढिगाच्या पलीकडच्या पाड्यावरची गोंडीण. चारोळी घेऊन येई, बदल्यात तांदूळ नेई. तिचा नवरा सुकलू कधीचा आसामच्या चहाच्या मळ्यात गेलेला. मुकादमाबरोबर जाईन-जाईन म्हणत होता, एका बाजाराला गेला तो गेलाच. दुसरं घर कर म्हणून पाड्यातल्यांनी किती सांगितलं, पण ही ऐकेना, टिकली लावूनच राही. “बाई, कोनी आसामहून आलं का?” हे ती दर साली विचारी. शकू नाही म्हणे आणि पसाभर तांदूळ जास्त घाली. जंगलातल्या बाईच्या नजरेला मेलेला माणूस दिसत असेल, म्हणून हा लपतो, असं शकूनं आपल्या मनाशी धरलं होतं.

अशा माणसाशी तिनं संसार केला. वाईट नाही केला. त्यानं कधी हात उगारला नाही, पोरीला खांद्यावर घेऊन वाढवलं. पण कमळा झाली ती त्याच्या परत येण्यानंतर. गेल्या साली पोरीचं पोट पडलं तेव्हा शकूच्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच, की मेल्याच्या लेकीची कूस कशी फळावी? तिची आजी सांगायची, मेलेल्याला आपल्या ढिगासमोरून पुढं जाता येत नाही, जागा त्याला ओढून घेते. तर मग एकदा होऊन जाऊ दे. ढिगासमोरून पार गेला तर माणूस, आणि मग कमळाचं बाळही जगेल. नाही गेला तर... त्यापुढं ती विचार करत नसे. सडक सपाट होती हे खरं, पण तिचा हट्ट नुसता सपाट सडकेसाठी नव्हता.

“गेल्या साली तुमच्या वाटेनं आनली,” गोठ्यात ती म्हणाली, “अन् नातू गमावला. औंदाबी गमवाचा हाये का?”

मुखरूनं बैलाच्या पाठीवरचा हात काढला आणि तो म्हणाला, “जुंपतो मी. सडकेनंच जाऊ.”

पौषातली सकाळ होती. रेंगीत गुडघाभर तणस, त्यावर गोधडी. शकूनं बांधलेलं सगळं सामान जागच्या जागी होतं, तरी ती ते पुन्हा पुन्हा चाचपत होती. सागाची वाळली पानं चाकाखाली करकरत होती. दोन कोस सरले. ढीग दिसला. तो तिनं कधी पाहिला नव्हता. पुरुषभर उंच झाला होता, वर कोणी शेंदूरही लावला होता. बैल आपल्या चालीनं निघाले होते, ते गुमान पार गेलेही असते. मुखरूनंच कासरा ओढला.

“थांबू नोका, हाका!” शकू ओरडली. “कमळाच्या बा, हात जोडते, हाका!”

तो खाली उतरला. ढिगाजवळ जाऊन उभा राहिला. काहीच झालं नाही. जागेनं त्याला ओढलं नाही की गिळलं नाही. एक उतारवयाचा, पाठीत वाकलेला माणूस दगडांपुढं उभा होता आणि रडत होता. तिनं त्याला रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

“आमी दोघं होतो,” तो म्हणाला. “बाजारातून सोबत झाली. घोंगडी एकच, माही. जंगलात वाघ मागं चालनाऱ्याचीच मान धरते. म्हून मागल्यानं घोंगडी मानेवरून घ्याची, अन् पाळीपाळीनं मागं चालाचं, असं ठरवलं होतं आमी.”

“मंग?”

“त्याची पाळी सरली. नाल्यापाशी म्हने, भाऊ, आता तू ये मागं. माह्या अंगात ताप भरला होता का भेव भरलं होतं, मलेच ठाव नाई. म्हनलो, त्या वळनावरून घेतो. वळन आलं तं म्हनलो, अजून थोडं. तो हासला. चाल म्हने. अन् मंग मागची पावलं आयकू आली नाई. मी वळून नाई पायलं, शकू. पळालो.”

“कोन होता तो?”

मुखरू ढिगाकडं पाहतच म्हणाला, “सुकलू. सोमारीचा.”

भूत असता तर बरं झालं असतं, असं शकूला वाटलं. भुताची भीती तरी घालता येते, भगत आणता येतो. या जित्या माणसाचं काय करायचं? तिचं कुंकू दहा दिवसांत परत आलं होतं. आणि ती बाई दर साली तिच्या दारात उभी राहून आसामची वाट विचारत होती. हा माणूस परसात उभा राहून ते ऐकत होता! तिला त्याची किळस आली. ज्यानं पोरीला खांद्यावर वाढवलं त्याचीच किळस आली, म्हणून तीही रडली.

“आरमोरी कुठी पळून नाई जात,” डोळे पुसून ती म्हणाली. “बैल पाड्याकडं वळवा.”

सोमारी अंगणात चारोळी फोडत होती. मुखरूनं सगळं सांगितलं. पाळीचं, घोंगडीचं, काहीही न लपवता. तिचे हात थांबले नाहीत. सांगून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, “तो काई बोल्ला का?”

“नाई. आवाजबी नाई केला.”

ती उठली, झोपडीत गेली आणि तिनं ताटी लावून घेतली. दोघं अंगणात उभे राहिले. ताटी उघडली नाही. शेवटी रेंगी सडकेला लागली. मुक्काम करावा लागला, आरमोरी दुसऱ्या दिवशी आली.

परतताना कमळा तणसावर कुशीवर निजली होती. सडक खरंच लोण्यासारखी होती, पोरीला एक हिसका बसला नाही. तिच्या पोटावर हात ठेवून शकू बसली होती, आणि आतलं बाळ अधूनमधून त्या हाताला धडक देत होतं. जित्या बापाच्या जित्या लेकीचं. तेवढं एक ओझं उतरलं होतं.

उन्हं कलताना ढीग आला, आणि तो अर्धाच होता. सोमारी एकेक दगड उचलून सडकेच्या पलीकडं नेऊन टाकत होती. पलीकडं दुसरा ढीग झाला होता. तिची बोटं फुटली होती.

शकू खाली उतरली. “सोमारी, हे काय करून राह्यली?”

“मुखरूच्या नावानं टाकले ना लोकायनं? त्याचे त्याले.” ती थांबली नाही. “खाली माहा मानूस हाये. दुसऱ्याच्या नावाचं ओझं त्याच्यावर कायले?”

शकूनं पदर खोचला आणि दगड उचलायला लागली. मुखरूही पुढं आला, तशी सोमारी म्हणाली, “तू नोको.” तो जागीच उभा राहिला. दोघी बायकांनी जमिनीपर्यंत जागा मोकळी केली. मग सोमारीनं नाल्यातून एक नवा दगड आणून ठेवला, नवऱ्याला गोंडीत काहीतरी सांगितलं, पुष्कळ वेळ सांगितलं, आणि उठली. आता तिच्या कपाळावर टिकली नव्हती.

उजेड उतरत होता. तिचा पाडा जंगलात आत, रेंगीची वाट खाचखळग्यांची, कमळाला न सोसणारी, म्हणून जायचं ते पायीच.

“मी सोडून देतो तुले,” मुखरू म्हणाला.

सोमारीनं त्याच्याकडं पाहिलं. “चाल,” ती म्हणाली. “पन मागं चाल.”

शकूच्या तोंडाशी शब्द आला होता, थांबा. तो उच्चारायला एक क्षण पुरे होता. तिनं तो उच्चारला नाही. मुखरूनं कासरा तिच्या हातात दिला, आणि खांद्यावरचं धोतराचं पान मानेभोवती गुंडाळायला घेतलं. मग ते काढून त्यानं रेंगीत टाकलं आणि उघड्या मानेनं सोमारीच्या मागं निघाला. झाडीत शिरताना ती पुढं होती, तो चार पावलं मागं. एकदाही त्यानं वळून पाहिलं नाही.

कमळा जागी झाली होती. “माय, बा कुठी चालला?”

“सोमारीले पोचवाले.”

“अन् येईल कवा?”

शकूनं पोरीला पुन्हा तणसावर निजवलं. इतकी वर्षं तिला त्याची भीती वाटत आली होती. आज पहिल्यांदा त्याच्यासाठी वाटली, जित्या नवऱ्यासाठी बायकोला वाटते तशी. पण पोर रेंगीत होती आणि अंधार पडत होता. तिनं बैलांना हाक दिली, आणि घरापर्यंत सडकेवर मागच्या पावलांसाठी कान लावून बसली.