घशातला र

दोन बोटं गळ्यावर ठेवायची, हनुवटी जरा वर करायची आणि म्हणायची, "इथून. जिभेला सुट्टी द्या." हे ती वर्गात म्हणायची, स्टाफरूममध्ये म्हणायची आणि बसची वाट बघत उभ्या असलेल्या मलाही म्हणायची. फ्रेंचमधला र हा तिच्या आयुष्यातला मोठा विषय होता. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांना एकच गोष्ट नीट व्हायला हवी असते, बाकीचं कसंही चालतं. अशा माणसांना फसवणं फार सोपं असतं. आमच्या शाळेने ते करून दाखवलं, आणि मी त्या शाळेतच होते.

शाळा हैदराबादेतल्या नारायणगुड्यातली. मी भूगोल शिकवायचे, ती हिंदी शिकवायला आली होती. नव्वदीनंतरचे दिवस. गल्लोगल्ली एसटीडी बूथ आणि कम्प्युटर क्लास निघत होते, आणि मुलांना 'फॉरेन लँग्वेज' यायलाच हवी असा पालकांना एकाएकी साक्षात्कार झाला होता. आमच्याकडे शाळेच्या मालकाला करस्पॉन्डंट म्हणतात. आमच्या करस्पॉन्डंटांनी फाटकावर फ्रेंचचा बोर्ड आधी लावला आणि शिकवणारं माणूस नंतर शोधलं. हिंदीच्या नव्या बाईंनी कॉलेजात असताना संध्याकाळच्या वर्गांना जाऊन फ्रेंचचा डिप्लोमा केलाय, हे कळल्यावर त्यांचं काम झालं. हिंदीचे सगळे तास तसेच ठेवून फ्रेंच तिच्या गळ्यात मारलं. तिला तर आनंदच झाला.

मी नल्लकुंट्याला उतरायचे, ती पुढे तारनाक्याला. तिचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मूळचे परभणीकडचे. बसमध्ये पहिल्याच दिवशी तिने मला सांगून टाकलं, "आम्ही बौद्ध, ताई. आधी सांगितलेलं बरं. मग डबा उघडताना घोळ नको."

"मला कशाला सांगतेस?" मी जरा रागानेच म्हणाले.

"सगळ्यांनाच सांगते."

आमचं घर उदगीरकडचं, शेतीवाडीचं. आमच्या घरात कुणालाच कधी असं काही आधी सांगावं लागलं नव्हतं. हे मात्र मला त्या दिवशी सुचलं नाही.

तिची शिकवायची तऱ्हा पुस्तकात कुठे सापडणार नाही. फ्रेंच र घशातून येतो आणि मुलांना तो जमत नव्हता. एक दिवस तिने फळ्यावर 'बाग़' लिहिलं. "बशीरबाग़ बोलते ना तुम लोगां? बाग़लिंगमपल्ली बोलते ना? वोइच ग़ है. पॅरिस नक्को बोलो, पाग़ी बोलो." पुराण्या शहरातून येणाऱ्या, घरी उर्दू बोलणाऱ्या मुलींना तो क्षणात जमला. तेलुगू मुलांना घाम फुटला. त्यांच्यासाठी तिने गुळण्यांचा उपाय काढला. मधल्या सुट्टीत वीस मुलं नळापाशी ओळीने उभी राहून माना वर करून गुळण्या करताना पाहून आमच्या पी.टी.च्या सरांना वाटलं, घशाची साथ आली. त्यांनी ऑफिसात वर्दी दिली. मलाही तिने बसमध्ये शिकवून पाहिलं. माझा र काही घशात गेला नाही. "ताई, तुमचा र फार सरळ आहे," ती म्हणायची आणि पोट धरून हसायची.

मग पाचव्या वर्षी फ्रान्सची सहल निघाली. लिऑं शहरातल्या एका शाळेशी आमच्या शाळेचं जमलं. यंदा आमची सोळा मुलं दोन आठवडे तिकडच्या घरांतून राहणार, तिथल्या वर्गांत बसणार. पुढच्या वर्षी तिकडची मुलं आमच्याकडे. सोबत दोन शिक्षिका. एक ती, हे सांगायचीही गरज नव्हती. दुसरी मी, कारण भूगोल.

आठ महिने तिने त्या मुलांना शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. डोकं दुखतंय हे कसं सांगायचं, मी मांस खात नाही हे कुणाला न दुखवता कसं म्हणायचं, जेवून उठताना यजमानीणबाईंना काय म्हणायचं. तिने पासपोर्ट काढला, घरातला पहिला. पोलीस चौकशीला यायचा होता त्या दिवशी तिचे वडील सकाळपासून कोट घालून बसले होते, हे तिने मला हसत सांगितलं. मलाही तेव्हा हसू आलं.

निघायला महिना राहिला असताना करस्पॉन्डंटांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं.

"मॅडम गारू, आपका काम बहुत अच्छा है. उसमें बातच नहीं," ते तिला म्हणाले. "मगर ये एक्सचेंज है ना. अगले साल वो लोगां आते. उनकी टीचर आपके घर में ठहरते. आपका घर..."

"दो कमरे हैं सर. साफ़ हैं."

"वैसा नहीं बोल रहा मैं. थोड़ा स्टँडर्ड देखना पड़ता. मेरी बहू जाती इस बार. उसका इंग्लिश भी अच्छा है."

ते घराबद्दल बोलत होते. फक्त घराच्या आकाराबद्दल बोलत होते की आणखी कशाबद्दल, हे विचारायला मला तोंड होतं. मी विचारलं नाही.

ती उभीच होती. म्हणाली, "सर, मेरेकू एक बार जाने देव."

ते हसले. टेबलावरचे कागद सारखे करत म्हणाले, "जानेदेव मॅडम, जानेदेव. अगले साल देखेंगे."

हैदराबादेत राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. 'जानेदेव' म्हणजे सोडून द्या, विसरा. तिने जाऊ द्या म्हणून विनवलं आणि त्यांनी तेच शब्द उचलून तिच्या तोंडावर फेकले. आपण काय बोललो हे त्या माणसाच्या ध्यानातही आलं नसेल. मला आजही त्याच गोष्टीचा सगळ्यात जास्त संताप येतो.

बसमध्ये मी तिच्यावरच ओरडले. "तू गप्प का बसलीस? राग नाही येत तुला?"

"येतो ना," ती म्हणाली. "पण आता शिकवणं सोडलं तर मुलं तिथे मुक्यासारखी बसतील. त्यांचं काय चुकलं?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती पुन्हा वर्गात उभी, दोन बोटं गळ्यावर.

आता माझं सांगते. 'ती नाही तर मीही नाही,' असं मी म्हणू शकले असते. आयत्या वेळी दोघी बदलणं त्यांना जड गेलं असतं. सूनबाईंच्या भरवशावर कुणी सोळा मुलं पाठवली नसती. मला हे कळत होतं. पण मला विमानात बसायचं होतं. नकाशात बोटाने दाखवलेली ऱ्होन नदी डोळ्यांनी बघायची होती. मी स्वतःला समजावलं की मुलांसोबत कुणीतरी शहाणं हवं. माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावू शकतो.

निघताना ती म्हणाली, "एकच करा ताई. तिथले लोक आपल्या मुलांच्या र बद्दल काय म्हणतात, ते नीट ऐकून या."

सूनबाईंना बोन्जूर आणि मेर्सी एवढंच येत होतं. पहिल्या सकाळी बेकरीत त्यांनी मोठ्याने 'वन ब्रेड' मागितला, आणि बेकरीवाली नुसती बघत राहिली तेव्हा आमची आठवीतली नसरीन पुढे झाली. तिने पाव मागितला, ताजा आहे का विचारलं, आभार मानले. बेकरीवालीने तिच्या हातात एक गोड बिस्किट वेगळं ठेवलं. दोन आठवडे हेच चाललं. मुलं बोलत होती आणि आम्ही दोघी त्यांच्या मागे पर्स सांभाळत फिरत होतो.

शेवटच्या दिवशी तिकडच्या मुख्याध्यापिकेने छोटा समारंभ केला. आम्हाला कळावं म्हणून ती इंग्रजीत बोलली. म्हणाली, इतक्या लांबून आलेल्या मुलांच्या तोंडी असा र मी कधी ऐकला नाही. यांना शिकवलं कुणी? त्यांनी जरा उभं राहावं.

सूनबाई उभ्या राहिल्या. हात जोडले, मान लववली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मुलांनी माझ्याकडे पाहिलं. सोळाच्या सोळा जणांनी. मी टाळ्या वाजवल्या.

परत आल्यावर ती मला बसथांब्यावरच भेटली. "काय म्हणाले?"

मी सगळं सांगितलं. असा र कधी ऐकला नाही म्हणाल्या, कुणी शिकवलं विचारलं.

"मग?"

तिचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. मी म्हणाले, "मग मी तुझं नाव सांगितलं."

तिने डोळे पुसले, हसली, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली की वडिलांनी तिला हे तीन वेळा सांगायला लावलं. मला वाटलं, आपण पुण्य केलं.

दोन महिन्यांनी लिऑंहून त्या मुख्याध्यापिकेचं पत्र आलं. फ्रेंचमध्ये. करस्पॉन्डंटांना ते शाळेच्या वार्षिक अंकात इंग्रजीत छापायचं होतं, आणि ते वाचता येईल असं आख्ख्या शाळेत एकच माणूस होतं. पत्र तिच्याकडे आलं.

तिने त्याचं भाषांतर केलं. दुपारी माझ्या टेबलापाशी आली आणि कागद पुढे ठेवला. म्हणाली, "मॅडम, इंग्रजी एकदा बघून देता का?"

सहा वर्षांत तिने मला ताईशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

मी वाचलं. 'मुलांना इतके सुंदर उच्चार शिकवणाऱ्या बाई समारंभात उभ्या राहिल्या, तेव्हा आम्हा सर्वांना त्यांचं अभिनंदन करता आलं,' आणि पुढे सूनबाईंचं पूर्ण नाव. मोत्यासारखं अक्षर. त्यात एखादी चूक सापडली असती तर मला बरं वाटलं असतं. एकही नव्हती.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती आली नाही. राजीनामा टपालाने आला. फ्रेंच शिकवायला दुसऱ्या बाई आल्या. त्यांचा र माझ्यासारखाच सरळ होता. ऑफिसात कुणी चौकशीही केली नाही. मीच एका रविवारी धीर करून तारनाक्याला गेले.

दार तिच्या वडिलांनी उघडलं. ती पुण्याला कुठल्याशा कंपनीत भाषांतराच्या कामाला लागली होती. दोन खोल्या होत्या, लख्ख. कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती, आणि खाली तिचा कोरा पासपोर्ट नीट ठेवलेला. मी माझं नाव सांगितलं, तसे ते पुन्हा उठून उभे राहिले.

"तुमीच का त्या भूगोलाच्या बाई?" त्यांनी हात जोडले. "लई उपकार झाले. माझ्या लेकीचं नाव तिकडं फ्रान्सात, भर सभेत घेतलंत तुमी."

पत्रात काय होतं ते तिने त्यांना सांगितलंच नव्हतं.

त्यांचे हात जोडलेलेच होते. आतून चहा उतू जाण्याचा वास आला तरी ते हलले नाहीत.

"घेतलंत ना बाई?"

मी हो म्हणाले.