फळ्यावरचं जग आणि फळ्याखालची मेथी

वारज्याच्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी बाकावर बसलं की कोणी ना कोणी फोन पुढे करतंच. ‘काका, बघा काय चाललंय जगात.’ कुठे बॉम्ब पडतायत, कुठे कामाचे तास वाढवतायत, कुठे निवडून आलेला माणूस राजासारखा वागतोय. मी बघतो, चिडतो, चार शब्द बोलतो. परवा एक तरुण शेजारी वैतागून म्हणाला, “काका, तुमची पिढी आयुष्यभर साम्राज्यवादावर बोलली. झालं काय त्याने?” माझं डोकंच फिरलं. फिरायचं कारण नव्हतं खरं, कारण हाच प्रश्न मी स्वतःला वर्षानुवर्षं विचारलेला होता, रोज सकाळी साडेसहाला, हातात खडू घेऊन.

मी तेव्हा बँकेत कारकून होतो. पण मंडईच्या कोपऱ्यावर एका भांड्यांच्या दुकानाच्या भिंतीवर आमच्या पक्षाचा वार्ताफलक होता, आणि अक्षर बरं म्हणून तो माझ्या गळ्यात पडला होता. पुण्यात तेव्हा चौकाचौकात असे फळे असत. ज्याला जे खुपतं ते त्याने खडूने लिहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचून नाक मुरडायचं. माझं काम म्हणजे देशाचं आणि जगाचं राजकारण आठ ओळींत बसवणं. आठवी ओळ पावसाळी पाइपाच्या आड जायची, त्यामुळे माझा निष्कर्ष सहसा कोणाला दिसत नसे.

भिंतीचे मालक म्हणजे दुकानदार, विचारांनी आमच्या अगदी दुसऱ्या टोकाचे. वडिलांनी कधीकाळी शब्द दिला होता म्हणून भिंत चालू ठेवलेली. अट मात्र पक्की होती. “अहो, जगाचं काय ते खुशाल लिहा,” ते म्हणायचे, “पण गल्लीतलं एक अक्षर लिहायचं नाही. अमेरिकेचा अध्यक्ष माझ्या दुकानावर दगड मारायला येणार नाही. इथला नगरसेवक येईल.” आणि वर, “क्रांती झाली की कळवा. तोवर फडकं जागेवर ठेवत जा.”

वाचायचं कोण? एक निवृत्त गृहस्थ रोज थांबायचे, ते शुद्धलेखन तपासायला. बाकी सगळे पिशव्या सांभाळत पुढे. नेमाने चौकशी करणारी एकच व्यक्ती होती, आणि तिला वाचता येत नव्हतं. फळ्याच्या बरोबर खाली पोतं अंथरून मेथी-कोथिंबीर विकायला बसणारी मावशी. मांजरी गावाहून पहिल्या बसने यायची. मी फळ्यावर लिहितो म्हणजे मास्तरच, अशी तिने समजूत करून घेतली होती आणि मीही ती कधी मोडली नाही.

“काय वो मास्तर, आज काय लिवलंय?”

मी वाचून दाखवायचो. ती जुड्या बांधता बांधता ऐकायची. मध्येच विचारायची, “मंग तितल्या बायांचं काय?” हा प्रश्न मला नेहमी अडचणीत टाकायचा, कारण माझ्या आठ ओळींत बायका क्वचितच असत. मी काहीतरी ठोकून द्यायचो आणि सायकल मारत घरी, मग बँकेत जायचो. खरं सांगायचं तर बिचारीचं मन मोडू नये म्हणून मी वाचतो, असं मला वाटायचं. केवढा तो शहाणपणा!

त्या वर्षी दिवाळीनंतर मंडईबाहेर बसणाऱ्या सगळ्या बायकांना महापालिकेकडून तोंडी बजावण्यात आलं की सोमवारपासून इथे कोणी बसायचं नाही, इथे स्कूटरी लावायला जागा करायची आहे. मागणी आतल्या गाळेवाल्यांची होती. गिऱ्हाईक दारातच भाजी घेतं, आत येत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. अतिक्रमणाची गाडी येणार आणि भाजीच्या पाट्या उचलून नेणार, हे नक्की झालं.

शनिवारी मावशी जुड्या बांधत नव्हती. नुसती बसली होती. “मास्तर, ही जागा गेली तर लेकीचं शिक्षान बंद पडंल,” ती म्हणाली. तिची मुलगी नर्सिंग शिकत होती, दुसरं वर्ष. “घरात कमावनारी मी एकटी हाय. दुसरीकडं कुटं बसू? समदीकडं कुनी ना कुनी हायच.” मग मान वर करून फळ्याकडे बघत म्हणाली, “तुमी समद्या जगाचं लिवता. एक डाव आमचं बी लिवा की.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. भिंतीची अट सांगितली. “उद्या आमच्या पक्षाच्या शाखेची बैठक आहे, तिथे विषय काढतो,” असं म्हणून मी चक्क शेपूट घातली.

बैठकीत विषय काढला. आम्ही सात जण, चहा दोनदा झाला. पहिल्या पाच मिनिटांत ठरायला हवं होतं की सकाळी सगळ्यांनी तिथे जाऊन उभं राहायचं. पण एकाने शंका काढली की ही बाई कामगार आहे की छोटी व्यापारी? ती माल विकते, म्हणजे व्यापारी. पण ती कोणाचं शोषण करत नाही. मग तिची पाटी हे उत्पादनाचं साधन धरायचं का? झालं! दोन तास काथ्याकूट. आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यांत लांबलचक मीच बोललो. शेवटी प्रश्न गुंतागुंतीचा असल्याने पुढच्या बैठकीत घ्यावा, असं ठरलं. पुढची बैठक पुढच्या रविवारी. गाडी उद्या सकाळी. हे जिना उतरताना माझ्या लक्षात आलं आणि स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी सायकल ढकलत घरी गेलो.

सोमवारी सहालाच मंडईत पोचलो. ठरवलं होतं, भिंत गेली तर गेली, आज गल्लीतलंच लिहायचं. फडकं मारून फळा पुसला आणि पहिली ओळ सुचेना. जगभरच्या हुकूमशहांना झोडपलेला माझा खडू तिथे अडला. दुकानदार कुलूप काढायला आले, कोऱ्या फळ्याकडे बघून म्हणाले, “काय, जग संपलं?”

तेवढ्यात गाडी आली. मी मावशीकडे पाहिलं. ती पोत्यावर बसून होती, बाकीच्या बायकाही ओळीने बसलेल्या. कोणी आरडाओरडा करत नव्हतं. आणि मग मला जाणवलं की एवढ्या सकाळी मंडईत भलतीच शांतता आहे. टेम्पो उभे होते, पोती उतरत नव्हती. सगळे हमाल आपल्या रिकाम्या पाट्या उलट्या टाकून त्यांवर बसले होते, बायकांच्या मागे, अगदी निवांत.

गाळेवाले आतून धावत आले. टोमॅटो टेम्पोत, गिऱ्हाईक दारात, आणि माल हलत नाही! “अरे उचला की!” हमालांतला एक म्हातारा म्हणाला, “ह्या बाया उटल्या तर आमी बी उटलो. मंग कोन उचलतंय ते बगा.” अर्धा तास बाचाबाची, शिव्या, विनवण्या. ज्यांनी बायकांना हटवायची मागणी केली होती, तेच गाळेवाले शेवटी गाडीवाल्या साहेबांना हात जोडून सांगायला लागले की राहू द्या हो, बसू द्या त्यांना, आमचा माल सडतोय! साहेबांनी घड्याळ बघितलं, वरिष्ठांशी बोलतो म्हणाले आणि गाडी रिकामीच गेली. पुढे आठवडाभर महापालिकेत चकरा झाल्या आणि भिंतीलगत चुन्याची रेघ मारून मिळाली. रेघेच्या आत बायका, बाहेर स्कूटरी. ती जागा तिला लेकीचं शिक्षण पुरं होईपर्यंत आणि त्यानंतरही पुरली.

पण त्या सकाळी मी खडू हातात धरून नुसता उभा होतो. मावशीला विचारलं, “हे सुचलं कोणाला?”

तिने मला वेड्यात काढल्यासारखं बघितलं. “आता गं बया! तुमीच न्हाई का वाचून दावलं? त्या बंदरावरल्या हमालांचं?”

तेव्हा दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं राज्य होतं. दोन-तीन महिन्यांपूर्वी मी लिहिलं होतं की त्या राजवटीचा माल घेऊन आलेल्या बोटीला दूर परक्या देशातल्या गोदी कामगारांनी हात लावायला नकार दिला. आठ ओळी. लिहिल्या आणि विसरलो. तिने विसरल्या नव्हत्या. मी बँकेत गेलो की नऊच्या सुमाराला भाकरी सोडताना ती ते सगळ्यांना सांगायची. बायका असायच्या, चहा प्यायला आलेले हमाल असायचे. रोज! मी वाचलेलं, तिच्या भाषेत. “तितल्या काळ्या मानसांना गोरे लई छळायचे,” तिने मला माझीच बातमी ऐकवली, “तर दुसऱ्याच मुलखातलं हमाल म्हनलं, आमचा संबंद न्हाई, पर आमी माल उचलत न्हाई. बोट तशीच हुबी. मी ह्या दादांना म्हनलं, त्यांना जमलं ते तुमाला न्हाई व्हय जमत?” आठवी ओळसुद्धा तिला पाठ होती. पाइपाआडची.

माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी फळ्याकडे वळलो, तर दुकानदार मागेच उभे. आता अटीची आठवण करून देणार, असं वाटलं. त्यांनी हमालांकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, चष्मा पुसला. “लिहा,” म्हणाले. “बायकांच्या रांगेचं ते टोक दुसऱ्या वॉर्डात येतं. आपल्या दृष्टीने परदेशच.”

मी लिहिलं. बायकांनी जागा सोडली नाही, हमालांनी माल उचलला नाही. पाइप चुकवून, सात ओळींत. मग नेहमीसारखं मावशीला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं आणि एक जुडी बांधून बाजूला ठेवत विचारलं, “मास्तर, हे त्या बंदरावरल्या मानसांपत्तुर पोचंल का?”

“पोचेल की,” मी म्हणालो.

कसं, ते मला माहीत नव्हतं. पण त्यांचं मंडईपर्यंत पोचलंच होतं.