जीवराम नानांनी तपासलेली यादी

स्वतःला नावं ठेवलेली जीवराम नानांना चालत. दुसऱ्याला चांगलं म्हटलेलं चालत नसे. पिंप्राळ्यात शेजाऱ्याने स्कूटर घेतली, तेव्हा पेढा खाता खाताच नाना म्हणाले होते, "स्कूटरवाल्याची कंबर पन्नाशीत जाते." शेजाऱ्याची कंबर अजून शाबूत आहे. नानांची मात्र सायकलवर गेली.

नाना म्हणजे जीवराम नेहते, जळगावच्या आमच्या केळी फळविक्री सोसायटीचे टायपिस्ट. मी तिथेच समोरच्या टेबलावर पंचवीस वर्षं बसलो, त्यामुळे हे ऐकीव नाही, बघीव आहे. नानांचं टेबल चेअरमनच्या दाराला लागून. आत कोण रडलं, कोणाला झापलं, हे आधी नानांना कळायचं आणि मग चहाच्या वेळेला मला.

त्यांची खरी मिरवायची गोष्ट म्हणजे वार्षिक सभेची आमंत्रणं. सभासद दोनशे बारा. मजकूर छापखान्यातून यायचा, नाव आणि नंबर नाना टाइप करायचे. नंबर साधा नव्हता, मानाचा होता. सावद्याहून केळीची पहिली वॅगन ज्याने भरली तो एक नंबर, दुसरी भरली तो दोन, मग त्यांचे भाऊबंद, मग गावोगावचे मानकरी, आणि काल-परवा सभासद झालेले शेवटी. सभेत खुर्च्याही त्याच क्रमाने. हा क्रम कुठेच लिहिलेला नव्हता. तो नानांच्या डोक्यात होता, आणि नाना तो कोणाला सांगत नसत. मी दोनदा विचारला, दोन्ही वेळा त्यांना ऐन वेळी खोकला आला.

एकोणनव्वद साली सोसायटीत कॉम्प्युटर आला.

त्याच्यासाठी काचेची खोली केली, खिडक्यांना पडदे लावले आणि आख्ख्या ऑफिसातला एकुलता एक एसी तिथे बसवला. जळगावच्या मे महिन्यात आम्ही पंख्याखाली भाजत होतो आणि मशीन गारव्यात बसलं होतं. ते चालवायला धुळ्याहून कमलबाई आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, वेणी घट्ट, बोलणं मोजकं. कॉम्प्युटर शिकणं म्हणजे तेव्हा तीन नावं शिकणं. पत्रांना वर्डस्टार, आकड्यांना लोटस आणि याद्यांना डीबेस. कमलबाईंना तिन्ही येत होती. काहीही विचारलं की त्या मशीनच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणायच्या, "नाना, बठ्ठं यामा शे."

"सगळं त्याच्यात आहे, तर आपण कशात आहोत?" नाना मला म्हणाले.

"आपण घामात," मी म्हणालो. ते हसले नाहीत.

नानांना एसीचं दुःख नव्हतं. दुःख चपलांचं होतं. धूळ जाऊ नये म्हणून त्या खोलीबाहेर चपला काढायच्या असत. एके दिवशी आमचे चेअरमन रुपचंद आबा, ज्यांनी कलेक्टरच्या केबिनमध्येही बूट काढले नसते, ते वाकून बुटाची लेस सोडताना नानांनी पाहिले. नानांच्या हातातला कागद तसाच राहिला.

"तेवीस वर्षं माझ्या टेबलाशी ते बूट घालून उभे राहतात," नाना म्हणाले. "आणि हिच्या दारात अनवाणी!"

"तुम्हीही पाटी लावा. टाइपरायटरपुढे पादत्राणे काढावीत."

"तुम्हाला चेष्टा सुचते."

मला सुचायचीच. त्यातच पावसाळ्याआधी आबांनी नानांना आत बोलावलं. दार उघडंच होतं, म्हणून ऐकू आलं. दार बंद असतं तरी ऐकलंच असतं.

"नाना, यंदाची आमंत्रणं कमलबाईंना काढू द्या. जमली, तर तुमचं मशीन माळ्यावर ठेवू. तुम्ही आवक-जावक बघा."

आवक-जावकचं टेबल मागच्या बाजूला, मोरीला लागून. तिथून कोणाचं काही ऐकू येत नाही, नळाशिवाय. नाना बाहेर आले तेव्हा तेवीस वर्षांची खुर्ची त्यांनी हाताने चाचपून पाहिली. तेव्हाच मला कळलं, आता या माणसाला दुसरं काही दिसणार नाही.

कमलबाईंनी सभासदांच्या रजिस्टरवरून नावं मशीनमध्ये घातली. इंग्रजीत, आडनाव आधी. वर्डस्टारची आज्ञा देताना त्यांची बोटं दोन-दोन बटणांवर एकदम पडायची, आणि नाना काचेबाहेरून त्या बोटांकडे असे बघायचे जसा एखादा शेजारच्याच्या पानातला श्रीखंडाचा गोळा बघतो. पाच दिवसांचं काम दुपारी दोनला सुरू झालं आणि चहापर्यंत प्रिंटर करकरत थांबला. दोनशे बारा आमंत्रणं. एकही खाडाखोड नाही.

सोसायटीचा जुना नियम होता: कोणतंही पत्र 'तपासले' असं लिहून नानांनी सही केल्याशिवाय बाहेर जायचं नाही. कमलबाईंनी यादी आणून नानांच्या टेबलावर ठेवली.

"नाना, नंबर बरोबर शेत ना? बघी ल्या."

नानांनी यादी पाहिली. मीही त्यांच्या खांद्यावरून पाहिली. ए ते झेड. एक नंबर अत्तरदे भिकन, जो गेल्या वर्षी सभासद झाला आणि ज्याच्या केळीची अजून एक वॅगनही धड भरलेली नव्हती. आणि दोनशे बारावा झोपे पितांबर. पहिल्या वॅगनचे पितांबर आबा! ज्यांच्या घरून पहिला घड निघाल्याशिवाय आमच्या सोसायटीचा नारळ फुटत नसे.

बिचारीला काय माहीत? धुळ्याची बाई. तिच्या शाळेत क्रम म्हणजे ए, बी, सी.

मी नानांकडे पाहिलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा पुसला, पेन उघडलं आणि यादीवर लिहिलं: 'तपासले. जी. ने.' अक्षर कधी नव्हे इतकं सुरेख आलं होतं. आणि मी? मी चहा मागवला. खोटं कशाला सांगू, मलाही मजा बघायची होती.

आमंत्रणं गेली. भिकनने आपलं पाकीट फ्रेम करून घरात लावलं म्हणतात. सभेच्या दिवशी पितांबर आबा आले, पांढरा फेटा, हातात काठी. रुपचंद आबा हार घेऊन पुढे धावले. पितांबर आबांनी हार बाजूला सारला, खिशातून पाकीट काढलं, नंबर वाचला आणि चालत चालत मंडपाच्या टोकाला, जिथे आचारी कांदा चिरत होते, तिथल्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"आबा, पुढे या," रुपचंद आबा हात जोडून म्हणाले.

"मले जो नंबर देला, तठीच बसतो मी. कांद्याचा वास चांगला आहे."

सभा त्या दिवशी मागेच तोंड करून झाली. चेअरमन बोलताना सगळे माना वळवून पितांबर आबांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी रुपचंद आबांचा आवाज पार रस्त्यावर गेला. "कोणी केलं हे? कोणी तपासलं?"

काचेच्या खोलीत त्या यादीचा कागद कमलबाईंच्या हातात होता. त्यावर सुरेख अक्षरातली सही होती. नाना दारात उभे, तोंड पिवळं. कमलबाईंनी कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "मनी चूक शे, साहेब. नानांना मी दाखवलंच नाही."

मला वाटलं, नानांचे डोळे भरून येतील. चहाच्या वेळी नाना दात खाऊन म्हणाले, "बघितलंत? मोठेपणासुद्धा तिनेच मारला!"

पण खुर्ची वाचली, आणि तीही त्या बाईमुळेच. तिने रुपचंद आबांना सांगितलं, यादीत मानाचा एक वेगळा रकाना घालते, पण आकडे नानांनी बाजूला बसून सांगायचे. अशा रीतीने जीवराम नाना चपला काढून एसीत गेले. रकाना एका दिवसात भरला असता. नानांनी सात वर्षं लावली. दर सभेच्या आधी थोडेच आकडे सांगायचे, बाकीचे आमंत्रणांवर स्वतः टाइप करायचे, आणि विचारलं की खोकला. कमलबाईंना ते कळत होतं. त्या खोकल्याचं औषध टेबलावर आणून ठेवायच्या.

शहाण्णवला विंडोज आलं, रंगीत पडदा, माउस, आणि ते चालवायला नशिराबादचा तोताराम. पत्र, आकडे, याद्या, सगळं एकाच पाकिटात. वर्डस्टारचं नाव काढलं की तो गालात हसायचा. रुपचंद आबा त्याच्या टेबलाशी वाकून माउस हलवून बघू लागले. कमलबाईंची खुर्ची कुठे हलवणार, ते सांगायला नको. मोरीशेजारी.

नानांच्या निवृत्तीला चार दिवस होते. तोतारामने सभासदांची यादी मागितली. कमलबाईंनी ती दिली, नीट, स्वच्छ, ए ते झेड. मानाचा रकाना त्यात नव्हता. तोतारामने आमंत्रणं काढली आणि यादी नानांपुढे ठेवली.

नानांनी शेवटचा नंबर वाचला. पितांबर आबा तोवर गेले होते. तिथे त्यांचा मुलगा होता, बापापेक्षा तापट. मग नानांनी कमलबाईंकडे पाहिलं. त्या प्रिंटरची धूळ पुसत होत्या, प्रिंटरवर धूळ नसताना.

नानांनी चष्मा पुसला आणि पेन उघडलं.

"चहा मागवा," ते मला म्हणाले. "तीन."