तम्माचा रकाना

भाचरांनो, तुमचा फोन आला की तम्मा पुसून ठेवलेले कॉफीचे लोटे एकेक करून पडद्यासमोर धरतो आणि तुम्ही प्रत्येक लोट्याला टाळ्या वाजवता. माझ्या या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे, हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. आता तो साठीकडे झुकला आहे. हल्ली पुसलेले लोटे कुठल्या फळीवर ठेवायचे ते तो विसरतो आणि हातात घेऊन उभा राहतो. अशा माणसांना विस्मरणाचा आजार लवकर गाठतो, असं डॉक्टर सांगतात. फोनवर हे दिसत नाही, म्हणून लिहिते आहे. शिवाय दवाखान्याच्या बैठकीत जे झालं, ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

आपल्या समाजाचा धर्मादाय प्रसूती दवाखाना तुम्ही पाहिला आहे. पूर्वी तिथं आपल्याच घरच्या लेकीसुना येत. आता होसकोटेच्या कारखान्यांतल्या आणि महादेवपुऱ्याच्या बांधकामांवरच्या बायका जास्त येतात. यंदा नव्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या समितीपुढे एक प्रस्ताव ठेवला. प्रत्येक गरोदर बाईची सुरुवातीलाच रक्ताची एक चाचणी आणि एक स्कॅन करायचा. त्यात बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शंका आली तरच पुढची महागडी तपासणी. खर्च दवाखान्याचा, निर्णय त्या बाईचा.

आमचे खजिनदार सीए आहेत, नात्यानं माझे चुलतदीर. त्यांनी कागदावर दोन रकाने आखले. एकात चाचण्यांचा खर्च. दुसऱ्यात, असं मूल जन्माला आलं नाही तर वाचणारा खर्च. पहिला रकाना भरला. दुसऱ्यापाशी येऊन ते माझ्याकडे वळले.

"अक्का, तुम्ही जन्मभर अर्थशास्त्र शिकवलंत आणि तम्मालाही तुम्हीच सांभाळता. तुमच्याइतका खरा आकडा कोण देणार? पुढच्या बैठकीला आणा. स्वल्प जास्तच धरा, म्हणजे देणगीदारांना पटेल."

ते वाईट मनानं बोलले नव्हते. दिवाळीला तम्मासाठी ते न विसरता नवा शर्ट आणतात.

घरी आल्यावर मी हिशेबाला बसले. लहानपणचं हृदयाचं ऑपरेशन, थायरॉईडच्या गोळ्या, दिवसा सोबतीला येणाऱ्या बाई, आणि मी गेल्यावर तो जिथं राहील तिथला खर्च. ती जागा अजून ठरलेली नाही. तुमचे आईवडील म्हणतात, बघू. गणित सोपं होतं, वर्गात शिकवावं इतकं सोपं. तम्मा जितका महाग, तितकी चाचणी स्वस्त. बायकांना ती चाचणी मिळावी असं मला मनापासून वाटत होतं. मग तम्माला महाग ठरवणं भागच होतं. तो समोर बसून शेंगा सोलत होता आणि माझ्या वाटीत दाणे टाकत होता. मी पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या बैठकीत डॉक्टरीणबाईंनी वेगळीच अडचण काढली. ही चाचणी तिसरा महिना सरायच्या आत व्हावी लागते, आणि आपल्याकडे बायका येतात चौथ्यात.

"का येतात चौथ्यात?" त्यांनी विचारलं. त्या हुबळीकडच्या, आमच्या चालीरीती त्यांना नव्या.

कारण आमच्या दवाखान्यात नाव नोंदवताना बाईची खणानारळानं ओटी भरतात, आणि तिसरा सरल्याशिवाय ओटी भरायची नाही, कुणाला सांगायचंही नाही, दृष्ट लागते. ही रीत पहिल्या विश्वस्तांच्या बायकांनी घातली आणि आम्ही कौतुकानं जपली. मीच कितीतरी ओट्या भरल्या आहेत.

"ओटी नंतर भरू," मी म्हटलं. "नाव आधी नोंदवू."

"सरी, चालेल," खजिनदार म्हणाले. "ते फुकटात होतंय. आता आकडा, अक्का."

"आकडा मी देणार नाही. जिला जाणून घ्यायचंय तिला वेळेत कळावं, म्हणून पैसे द्या. तम्मासारखी माणसं नसली की पैसे वाचतात, म्हणून देऊ नका."

मग खजिनदार हळूच म्हणाले, "तुमच्या मनाला लागलं, कळतं मला. पण दुसरा रकाना रिकामा ठेवून ठराव टिकत नाही."

टिकला नाही. मधला मार्ग निघाला. चाचणी द्यायची, पण फक्त पस्तिशीच्या पुढच्या बायकांना; त्यांना धोका जास्त आणि त्या मोजक्याच, म्हणून परवडतं. डॉक्टरीणबाई जिन्यात माझ्याशेजारी थांबल्या. "अक्का, आपल्याकडं पस्तिशीच्या पुढच्या येतात किती? एकेकीला धोका कमी असला तरी अशी बाळं तरुण आयांनाच जास्त होतात. बाळंत होणाऱ्या त्याच जास्त असतात, म्हणून. तुम्ही एक आकडा दिला असता तर…"

तम्मा झाला तेव्हा आई सत्तावीस वर्षांची होती आणि मी नऊ. सुईणीनं बाळाला बघून तोंड फिरवलं होतं, ते मी दारातून पाहिलं. आईला आधी कळलं असतं तर तिनं काय केलं असतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही वाटत नाही. पण तिला विचारणारं कुणीतरी असायला हवं होतं. आता होसकोटेहून येणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या बाईलाही कुणी विचारणार नाही, आणि त्यात माझ्या न दिलेल्या आकड्याचा वाटा आहे. पुढच्या वर्षी प्रस्ताव पुन्हा येईल. खजिनदार मला पुन्हा विचारतील, आणि तेव्हा मी काय करेन ते मला आज सांगता येत नाही.

घरी पोचले तेव्हा तम्मा दारात उभा होता. बैठकीहून मी नेहमी ओटीतला एक नारळ आणते आणि त्याची आम्ही कोबरी मिठाई करतो. त्यानं पिशवीत हात घालून पाहिलं.

"नारळ?"

"आज ओटी नव्हती रे."

"उद्या?"

"उद्या दुकानातून आणू."

त्यानं मान डोलावली आणि एक लोटा माझ्या हातात दिला. मी तो फळीवर ठेवला. कुठे ठेवला ते तो नीट बघत होता.